यापुढे तुझ्यासाठी तूच बोल

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र ऐरोलीहून आलं. इतर वाचकांसाठी त्यातला गाभा आधी सांगते. तू बारावी कॉमर्सला आहेस. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (सीपी) आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर पुरता ताबा राहत नाही. दोन्ही पायांत आणि उजव्या हातात ताठरपणा आहे. कुबड्या घेऊन चालतेस, डाव्या हाताने लिहितेस, पण सावकाश. दहावीला लेखनिक घेऊन ८१ टक्के मिळवलेस. शाळा काय, ज्युनियर कॉलेज काय, दोन्ही घराजवळ. आई सोडते, आई आणते, सॅकही तीच उचलते. आता पुढचं ठरवायचं म्हटल्यावर घरात तीन मतं झाली आहेत. बाबा म्हणतात, मुक्त विद्यापीठातून घरबसल्या बी.कॉम. कर. काका म्हणतात, अपंगांच्या कोट्यातून सरकारी नोकरी मिळेल, बाकी कशाच्या मागे लागू नकोस. आई म्हणते, ठाण्याच्या कॉलेजात जायचं तर जा, मी दिवसभर व्हरांड्यात बसेन. तुला स्वतःला ठाण्यातलं मोठं अनुदानित कॉलेज हवंय, पुढे अकाउंट्समध्ये काम करायचंय, आणि कोट्यातून प्रवेश घेतला तर मुली काय म्हणतील याची धास्ती वाटतेय. मुलाखतीत सीपीबद्दल सांगावं की नाही, हेही विचारलंस. पत्राच्या तळाशी आईने तिच्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे: ‘ताई, एकटीला पाठवली आणि पडली तर?’

आईच्या ओळीचं उत्तर सगळ्यात शेवटी देते, कारण ते नीट द्यायला हवं.

कॉलेज कोणतं, याहून मोठा बदल तुझ्यापुढे उभा आहे. आजवर तुझ्या वतीने आई बोलत आली. शाळेत नवीन बाई आल्या की आईने जाऊन सांगायचं, हिला जरा आधी सोडा, हिला पुढच्या बाकावर बसवा. कॉलेजात एका वर्गात शंभरावर मुलं असतात आणि दर तासाला शिक्षक बदलतात. तिथे कुणी मुद्दाम त्रास देतं असं नाही, पण आपणहून कुणी विचारतही नाही. मी कॉलेजात शिकवत होते तेव्हा हुशार, मेहनती मुलं इथेच अडखळताना पाहिली. अभ्यास त्यांना जड नव्हता. ऑफिसच्या खिडकीशी जाऊन ‘मला अमुक लागतं’ एवढं म्हणायला जीभ उचलत नव्हती, आणि तेवढ्यावरून पहिलं सत्र हातचं जायचं.

यात त्यांचा दोष नव्हता. कुणाकडे काही मागायचं नाही, कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत, हे आपल्याकडे लहानपणापासून मनावर बिंबवलेलं असतं. तुझ्या बाबतीत हाच संस्कार महागात पडेल. तळमजल्यावरचा वर्ग, परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक हे उपकार नाहीत. ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. २१ प्रकारच्या अपंगत्वांना तो मान्यता देतो, सेरेब्रल पाल्सी त्यात आहे. विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे परीक्षापद्धतीत बदल करावेत, जादा वेळ आणि लेखनिक द्यावा, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. प्राचार्यांसमोर उभी राहशील तेव्हा हे मनात असू दे. आवाज आपोआप नीट लागतो.

आता कागदपत्रं. तुझ्याकडे जुनं, हाताने लिहिलेलं प्रमाणपत्र आहे आणि त्यावर ५५ टक्के आहे, असं तू लिहिलंस. त्यावर विसंबू नकोस. १ जून २०२१ पासून अपंगत्वाची प्रमाणपत्रं केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच दिली जातात, आणि त्याच पोर्टलवरून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं. अर्ज ऑनलाइन भर, जुनं प्रमाणपत्र जोड, आणि रुग्णालयाने तपासणीला बोलावलं तर तिथलं वैद्यकीय बोर्ड कोणत्या वारी बसतं ते आधी फोनवर विचारून जा. नाव, आडनाव आणि जन्मतारीख आधारवर, दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि यूडीआयडीवर अक्षरशः एकसारखी आहे ना, हे आजच बघ. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षराने, एवढ्याशा फरकावर जूनमध्ये मुलं कचेऱ्यांच्या खेपा घालतात. हे काम बोर्डाच्या परीक्षेआधी उरकून टाक.

आणि त्या टक्केवारीवरून एक सांगायचं राहतं. तुझे हातपाय किती वाकतात, किती उचलले जातात, त्याचं हे वैद्यकीय माप आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर आरक्षणासारखे काही लाभ मिळतात, एवढाच त्याचा उपयोग. घरात भांडणात कुणी तो आकडा काढू नये.

कोट्याचं म्हणशील, तर घे. मनात कसलाही किंतु न ठेवता घे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांनी किमान ५ टक्के जागा बेंचमार्क, म्हणजे ४० टक्के किंवा त्याहून जास्त, अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवायच्या असतात, आणि वयोमर्यादेतही ५ वर्षांची सवलत असते. मुली काय म्हणतील? काही दिवस कदाचित म्हणतील. पण ज्या मुलीने एका हाताने दहा वर्षं वह्या भरल्या आणि जिने चढून वर्ग गाठले, तिने तीच परीक्षा इतरांइतक्याच सोप्या वाटेने दिली असं कुणी म्हणू शकत नाही. खुल्या यादीत तुझं नाव लागलं तर उत्तमच, तिथून प्रवेश घे. फॉर्ममध्ये मात्र दिव्यांग रकाना भरलेलाच असू दे. तो रिकामा सोडलास तर पुढे लेखनिक मागताना, शिष्यवृत्तीचा अर्ज करताना प्रत्येक टेबलावर पहिल्यापासून समजावून सांगावं लागेल. एक काळजी घे: अनुदानित कॉलेजातले काही अभ्यासक्रम विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. त्यांची फी आणि जागांचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून तुझ्या तुकडीबद्दल नेमकं विचार.

ठाणे की ऐरोली, हे मी इथे बसून सांगणार नाही. दोन्ही कॉलेजं तुला स्वतः बघून यावी लागतील. त्यातही सुट्टीच्या दिवशी बाबांच्या गाडीतून जाऊन फाटक बघून येणं कामाचं नाही. ज्या वेळी रोज जावं लागेल त्याच वेळी, त्याच लोकलने जा. ट्रान्स-हार्बर मार्गावर तुझ्या बाजूने एक गोष्ट आहे. सकाळची गर्दी ठाण्याहून ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या ऑफिसांकडे वाहते. तू उलट्या दिशेने जाणार, म्हणजे डब्यात बऱ्यापैकी जागा मिळेल. खरी कसोटी ठाण्याला उतरताना. तिथे नऊ-दहा नंबर फलाटावर लोक खिडकीची जागा पकडायला, आतले उतरायच्या आधीच घुसतात. दिव्यांगांच्या डब्यातून उतरायचं, आणि गाडी पूर्ण थांबून चढणाऱ्यांचा पहिला लोंढा जाईपर्यंत दारापासून बाजूला उभं राहायचं. गाडी तिथेच संपते, तुला घाई नाही. तो डबा फलाटावर नेमका कुठे थांबतो, तिथून लिफ्ट किती लांब, लिफ्ट बंद असेल तर दुसरी वाट कोणती, हे पहिल्याच फेरीत पाहून ठेव. परत येताना दुपारची वेळ असेल तर निभेल. संध्याकाळी सहाला ठाणे स्टेशनवर असणं मात्र टाळ, वेळापत्रक बघताना हे लक्षात ठेव.

कॉलेजात शिरल्यावर प्रॉस्पेक्टसमधले रंगीत फोटो विसर आणि चार गोष्टी विचार. एफ.वाय.चे वर्ग कितव्या मजल्यावर भरतात? लिफ्ट विद्यार्थ्यांना वापरता येते की ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ असा फलक आहे? परीक्षेचे हॉल कुठे असतात, कारण वर्ग खाली आणि परीक्षा तिसऱ्या मजल्यावर असं सर्रास घडतं. आणि स्वच्छतागृह कुठे आहे?

या शेवटच्या प्रश्नावर मी जरा थांबणार आहे, कारण यावर कुणी बोलत नाही. कुबड्या वापरणाऱ्या किती तरी मुली कॉलेजात दिवसभर पाणी पीत नाहीत. स्वच्छतागृह दुसऱ्या टोकाला, आत ओली फरशी, धरायला काही नाही, खाली बसायचं भारतीय पद्धतीचं भांडं. मग सकाळी घरून निघताना एक घोट, आणि पुढे घरी येईपर्यंत काही नाही. यातून लघवीचे जंतुसंसर्ग होतात, पाळीच्या दिवसांत हजेरी बुडते, आणि मुलगी ‘बरं वाटत नाही’ म्हणून घरी बसते. खरं कारण ती सांगत नाही. म्हणून तू आत जाऊन बघ. दार तुझ्या कुबड्यांसकट बंद होतं का, कडी आतून लागते का, बसून उठताना धरायला दांडा आहे का. नसेल तर प्रवेशाच्या अर्जासोबतच लिहून दे: कमोड आणि भिंतीला दोन दांडे हवे आहेत. फार मोठं काम नाही ते. ज्या कॉलेजचे लोक हे ऐकून ‘करून घेऊ’ म्हणतील आणि खरंच करतील, ते कॉलेज माझ्या मते नावाजलेल्या कॉलेजपेक्षा वरचं.

हे सदर एखादे प्राचार्य वाचत असतील तर त्यांना विनंती आहे. एका तुकडीचा वर्ग खालच्या मजल्यावर आणायला पैसे लागत नाहीत. वेळापत्रक करताना एका मुलीची आठवण ठेवावी लागते, बस.

दोन्ही ठिकाणं बघून झाल्यावर निवड तूच कर. वाईटातला वाईट दिवस डोळ्यांसमोर आण: जुलै महिना, मुसळधार पाऊस, गाड्या उशिराने, आणि सकाळी परीक्षा. त्या दिवशी जिथे पोचता येईल ते तुझं कॉलेज. तुला चालायलाच इतरांपेक्षा कितीतरी जास्त शक्ती लागते, आणि ती प्रवासात संपली तर अभ्यासाला उरत नाही. ऐरोलीच्या कॉलेजने तुझे रोजचे दोन तास वाचत असतील आणि त्या वेळात तू संगणकाचा चांगला कोर्स करणार असशील, तर तो हिशेबही खरा आहे. त्यात कमीपणा मानू नकोस. आणि पावसाळ्यापूर्वी कुबड्यांच्या टोकांची रबरं बदल. झिजलेलं रबर आणि ओली लादी, तुला जास्त काय सांगू.

आता व्हरांडा. आईने वर्षानुवर्षं जे केलं त्याला तोड नाही, आणि ती खरोखर दिवसभर बसेल यात मला शंका नाही. तरी तिने बसू नये. ती बाहेर आहे म्हटल्यावर शिक्षक तुझ्याशी बोलायचं सोडून तिच्याशी बोलतील. मुली डबा खाताना तुला बोलावणार नाहीत, कारण तू आईबरोबर खाशील असं धरून चालतील. वही हवी असली तरी तू आईला सांगशील, शेजारच्या मुलीला विचारणार नाहीस. असं तीन वर्षं चाललं तर पदवी हातात येईल, पण परक्या माणसांत वावरायची सवय होणार नाही. आणि नोकरीच्या ठिकाणी व्हरांडा नसतो. आईसाठी दुसरं काम आहे. पहिल्या आठवड्यात ती कॉलेजपर्यंत येईल, पुढे काही दिवस ठाणे स्टेशनपर्यंत, आणि मग ऐरोली स्टेशनपर्यंतच. तारखा दोघींनी मिळून ठरवा आणि कॅलेंडरवर लिहा. नाहीतर ‘अजून आठ दिवस’ म्हणता म्हणता वर्ष सरतं.

तुझ्या बाजूने तयारी म्हणून अर्धं पान लिही. फार काही नको. साधारण असं: ‘मला सेरेब्रल पाल्सी आहे. मी कुबड्या घेऊन चालते आणि डाव्या हाताने सावकाश लिहिते. माझा वर्ग तळमजल्यावर किंवा लिफ्टने जाता येईल असा असावा. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जायला मला पाच मिनिटं जास्त लागतात. परीक्षेत लेखनिक आणि नियमानुसार जादा वेळ हवा आहे. फळ्यावरचं उतरवून घेता येत नाही, म्हणून फोटो काढायची परवानगी असावी.’ खाली सही आणि यूडीआयडी क्रमांक. याच्या प्रती प्राचार्य, परीक्षा विभाग आणि वर्गशिक्षक यांना दे, आणि तुझ्या प्रतीवर पोच घे. तोंडी सांगितलेलं लोक विसरतात, वाईट हेतूने नव्हे, कामाच्या रगाड्यात. घरी बाबांसमोर हे मोठ्याने वाचायचा सराव कर. बोलताना जीभ जड होत असेल तर हळू बोल, पण वाक्य आईला पुरं करू देऊ नकोस.

लेखनिकाचा नियम तुझ्या बाजूने स्वच्छ आहे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बेंचमार्क अपंगत्वात अंधत्व, दोन्ही हातांचं अपंगत्व आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या उमेदवाराने मागितला तर लेखनिक द्यायचा. इतरांना हाताने लिहिता येत नसल्याचं सिव्हिल सर्जन किंवा तत्सम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. जादा वेळ तासाला २० मिनिटांपेक्षा कमी नसावा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. कॉलेजात हे सत्राच्या सुरुवातीलाच परीक्षा विभागाला कळव. हॉल तिकीट आल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही. ४० टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेले वाचकही हे वाचत असतील. त्यांच्यासाठी ११ फेब्रुवारी २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा विकास कुमार खटल्यातला निकाल महत्त्वाचा आहे. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला होता. ४० टक्क्यांची अट लावून लेखनिक नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं, आणि त्यानंतर २०२२ मध्ये अशा उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या.

पण अकाउंट्सचा पेपर दुसऱ्याकडून लिहून घेणं ही स्वतंत्र कला आहे, हे तुला माहीत असेलच. नावेची बाजू, जमेची बाजू, रकाना कुठला, रेघ कुठे मारायची, सगळं तोंडाने सांगायचं, आणि लेखनिकाला विषयाची गंधवार्ता नसते. सराव परीक्षा आत्तापासूनच एखाद्या धाकट्या मुलाला बसवून दे. आणि याच्याही पुढचं पाहा. परीक्षेत लेखनिक मिळेल, नोकरीत मिळणार नाही. तिथे तुझा हात म्हणजे कीबोर्ड. डाव्या हाताने टायपिंग, एक्सेल, टॅली, बोलून टाइप करायची सोय, हे सगळं एफ.वाय.पासूनच अंगवळणी पाड. त्या २०१८ च्या सूचनांत संगणकावर उत्तरं लिहिण्याचा पर्यायही आहे. तो तुला रुळला तर पुढे लेखनिकावर अवलंबून राहायलाच नको. मला विचारशील तर पदवीच्या तीन वर्षांत तुझ्या हातून एकच गोष्ट व्हावी, ती ही.

बाबांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. मुक्त विद्यापीठाची पदवी कमी प्रतीची नसते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून चालू आहे, आणि नोकरी करता करता तिथून शिकलेली उत्तम माणसं मी पाहिली आहेत. तुझी तब्येत मध्येच बिघडली किंवा शस्त्रक्रिया ठरली तर तो मार्ग मोकळा आहे. पण बाबा तो सुचवतात ते काळजीपोटी, आणि काळजीपोटी घेतलेला निर्णय मुलीला घरात ठेवतो. तुला घरी राहायचं असतं तर तू हे पत्र लिहिलंच नसतंस. बाबांना पैशाचंही बघायचं असेल. त्यांना सांग की पालकांचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत असेल तर केंद्राची दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर होतो. राज्याच्या योजना महाडीबीटी पोर्टलवर बघा. नवी मुंबई पालिकेच्या समाजविकास विभागात आणि वाशीला पालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथेही एकदा स्वतः जाऊन या. कोणत्या योजनेचे अर्ज कधी निघतात हे तिथल्या टेबलावर जितकं नीट कळतं तितकं ऐकीव माहितीवरून कळत नाही.

काकांचं अर्धं बरोबर आहे. सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण आहे, आणि त्यातला १ टक्का सेरेब्रल पाल्सीसह अस्थिव्यंग गटासाठी आहे. जाहिरात वाचताना नुसत्या दिव्यांग जागांचा आकडा बघू नकोस. ते पद कोणत्या अपंगत्वाला योग्य धरलंय हे बघ. बँकांच्या जाहिरातींत ओए म्हणजे एक हात, ओएल म्हणजे एक पाय, बीएल म्हणजे दोन्ही पाय, सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी, अशा खुणा असतात. पण एका जागेसाठी वर्षानुवर्षं फक्त परीक्षाच देत राहायचं, आणि दरम्यान हाताला कामाची सवय नाही, असं करू नकोस. दोन्ही वाटा एकदमच धर.

खासगी कंपन्यांनाही २०१६ च्या त्या कायद्याने काही बंधनं आहेत. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, आणि २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीने त्यात दिव्यांग कर्मचाऱ्यांना कोणत्या सोयी मिळतील हे लिहायचं असतं. मुलाखतीला जाण्याआधी ते मागून वाच. तू ऐरोलीत राहतेस, म्हणजे माइंडस्पेसची ऑफिसं घराशेजारी आणि महापेही लांब नाही. मुंबईतल्या किती तरी दिव्यांग मुलांना हे नशीब नाही. पदवीच्या नव्या रचनेत प्रत्यक्ष कामाचा अनुभवही धरलेला असतो. तो कुठल्या तरी ओळखीच्या दुकानात सही घेऊन उरकू नकोस. खऱ्या ऑफिसात जा, आठ तास बसून पाठ किती दुखते ते कळू दे, फाटकापासून इमारतीपर्यंत किती चालावं लागतं ते कळू दे. शीवला व्ही. एन. पुरव मार्गावर केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं नॅशनल करिअर सर्व्हिस सेंटर आहे. तिथे तुझ्या कामाच्या क्षमतांची चाचणी होते आणि नोकरीसाठी नोंदणीही होते. दुसऱ्या वर्षात असताना जाऊन ये. सीए करायचं मनात असेल तर आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या फर्ममधली उमेदवारी, आता दोन वर्षांची आहे. ऑडिटला बाहेर जावं लागतं, हे धरून लिफ्ट असलेली, घराजवळची फर्म शोध आणि पहिल्याच भेटीत ते मोकळेपणाने बोल.

मुलाखतीत सांगायचं का? तुझ्या कुबड्या दिसतात, म्हणजे प्रश्न समोरच्याच्या मनात आलेलाच असतो आणि तो विचारायला संकोचतो. तो संकोच तू दूर कर. दोन वाक्यं पुरतात: ‘मला सेरेब्रल पाल्सी आहे, त्यामुळे चालणं आणि हाताने लिहिणं सावकाश होतं. संगणकावर मी सगळं काम करते, आणि मला लिफ्टजवळची जागा लागेल.’ एवढं म्हणून कामाच्या गोष्टीवर ये. आजाराचा इतिहास, शस्त्रक्रिया, आईचे कष्ट, यातलं काही सांगायची गरज नाही. ज्यांचं अपंगत्व दिसत नाही, म्हणजे कमी ऐकू येणं, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, त्यांनी आरक्षित जागेवर अर्ज केलेला नसेल तर कधी सांगायचं हे स्वतः ठरवावं. कामात सोय हवी असेल तेव्हा मात्र सांगावंच लागतं, आणि ते काम बिघडायच्या आधी सांगितलेलं बरं.

शरीराकडेही बघ. अठराव्या वर्षाच्या आसपास मुलांच्या डॉक्टरांकडे जाणं थांबतं आणि व्यायामही थांबतो, कॉलेजच्या घाईत कुणाच्या लक्षात येत नाही. स्नायू मात्र आखडत राहतात. वेळापत्रक हातात आलं की लेक्चरच्या आधी फिजिओथेरपीचे तास त्यात टाक.

आता आईंसाठी.

ताई, ती पडेल. कधी तरी नक्की पडेल, तुम्ही शेजारी असतानाही ती पडलेलीच आहे. म्हणून पडायचं कसं आणि उठायचं कसं, हे तिला फिजिओथेरपिस्टकडून मुद्दाम शिकवून घ्या: तोल जातोय असं कळलं की कुबड्या बाजूला सोडायच्या, हात पुढे घ्यायचे, आणि खाली आल्यावर आधी भिंत किंवा बाक शोधायचा. घरी गादीवर याचा सराव करून घ्या. रस्त्यात लोक मदतीला धावतात आणि काखेत हात घालून एकदम ओढतात, त्याने खांदा दुखावतो. तेव्हा तिने मोठ्याने म्हणायला शिकायचं: ‘ओढू नका, कुबडी द्या आणि नुसते शेजारी उभे राहा.’ सॅक पाठीवरची हवी, खांद्याला लटकणारी नको. फोन गळ्यात दोरीला असू दे, सॅकच्या तळाशी नको. वर्गातल्या दोन मुलींचे नंबर तुमच्याकडे आणि तुमचा त्यांच्याकडे असू दे, पण ते तिने मागून आणायचे, तुम्ही नव्हे. आणि पहिल्यांदा पडल्याचा फोन आला तर लगेच ठाण्याला निघू नका. आधी तिला विचारा, लागलंय का आणि तुला मी यायला हवीय का. ती ‘नको’ म्हणाली तर घरीच थांबा.

तुझी,
ताई